चौथ्या लाँचरची किल्ली

होल्टेनडॉर्फ, पश्चिम जर्मनी
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

प्रिय रिन्स्केताई,

तुझं पाकीट मिळालं. पावणेदोन वर्षांनी भावाला काहीतरी पाठवावंसं वाटलं आणि पाठवलंस काय, तर मोर्चाचं पत्रक. आत एक ओळ नाही. पत्ता मात्र तुझ्या हातचा, आणि त्यातला ‘मेजर’ हा शब्द इतका ठसठशीत काढलेला की पोस्टमनलाही टोमणा कळावा. एकोणतीस तारखेला हेगला या आणि क्षेपणास्त्रांना नाही म्हणा. ताई, माझ्या तळावर अठरा उभी आहेत. मी नाही म्हटलं तर ती काय आपापल्या घरी जातील?

पत्रक मी फाडलेलं नाही, एवढं माझं पुण्य मान. तुम्ही ज्यांच्याविरुद्ध चालणार आहात ती दुसऱ्यांच्या शहरांवर जाणारी. माझी फक्त अंगावर येणाऱ्या विमानावर जातात. हे तुला दहादा सांगून झालंय आणि दहादा तुझी मान हलवून झालीय, तेव्हा आता पुरे.

बाबांच्या पंचाहत्तरीला आपण शेवटचे भेटलो. सगळे गोल करून बसलेले, मांडीवर बश्या, प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतोय आणि मध्येच तू मला विचारलंस, “सीब्रेन, वरून हुकूम आला, आणि विमानात कोण बसलंय ते तुला माहीत नसलं, तरी बटण दाबशील?” माझ्या तोंडात केक होता. मी म्हणालो, “दाबेन. पगार त्याचाच घेतो.” सगळे हसले. तू कोट चढवलास आणि गेलीस, बाबांना निरोपही न देता. केक संपवून मीही निघालो. मला त्या वेळी तुझा राग आला होता आणि अजून थोडा आहे.

इकडे बरं चाललंय. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यातली सतरा याच देशात. घरमालकीण म्हणते, आता तुम्ही आमचेच, फक्त सकाळी पावावर चॉकलेटचे दाणे पसरून खाता तेवढं डच खूळ सोडा. जानेवारीत बढती आहे असं सगळे म्हणतात. मी कानावर हात ठेवतो, पण ऐकायला बरं वाटतं.

बुधवारी नाटोचे तपासनीस येऊन गेले. ही मंडळी कळवून येत नाहीत. सकाळी भोंगा वाजतो आणि फाटकात वीस अनोळखी माणसं पाट्या-पेन्सिली घेऊन उभी असतात. आम्ही नापास झालो. कारण क्षुल्लक आहे. खऱ्या क्षेपणास्त्रांसह सराव करायचा तर आधी सहाही लाँचरच्या किल्ल्या काढून नियंत्रण केबिनमधल्या फळीवर टांगायच्या असतात. किल्ली काढली की कुणी कितीही बटणं दाबली तरी काही उडत नाही. मारा करायचा हुकूम देण्यापूर्वी मी फळी पाहतो, मोठ्याने आकडा सांगतो. या वेळी पाच निघाल्या. मी सराव थांबवला. चौथ्या लाँचरची किल्ली संध्याकाळी त्या लाँचरपाशी खडीत सापडली. डोर्नबॉस नावाचा माझा सार्जंट-मेजर आहे, त्याच्या हातून पडली असणार. होतं असं कधी कधी.

बाबांचा गुडघा कसा आहे ते कळव. मोर्चाला जाताना जाड मोजे घाल.

तुझा
सीब्रेन


होल्टेनडॉर्फ
सोमवार, ३१ ऑक्टोबर १९८३

प्रिय ताई,

शनिवारी मेसमध्ये टीव्हीला चिकटून बसलो होतो. तुमचा मोर्चा संपता संपेना. आमचा एक लेफ्टनंट म्हणाला, “मेजरसाहेब, यात तुमच्या बहीणबाई कुठल्या?” मी म्हणालो, ज्या सगळ्यांना रांगेत नीट चालायला सांगताहेत त्या. तो हसला. मी मात्र खरंच शोधत होतो.

तुझं पोस्टकार्ड आजच आलं. सहा शब्द. “किल्ली हरवली म्हणजे नक्की काय झालं?” शाळेत मास्तरीण होण्याऐवजी तू आमच्याकडे चौकशी अधिकारी व्हायला हवी होतीस. मी तुला चार पानं लिहिली आणि तू नेमकं त्याच जागी बोट ठेवलंस.

तर ऐक. हार्म डोर्नबॉस ग्रोनिंगेनचा आहे, सेहेचाळीस वर्षांचा, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. एकवीस वर्षं किल्ल्या त्याच्याकडे आहेत. त्या दिवशी वहीत त्याने लिहिलं होतं, ‘सहा टांगल्या’, आणि सही केली होती. आता कर्नल टेर हॉर्स्ट यांचं म्हणणं असं की किल्ली पडली ही चूक, पण न टांगता टांगली लिहिणं हा गुन्हा. सोळा तारखेला चौकशी मंडळ बसणार आहे. त्यापूर्वी तळप्रमुख म्हणून मी एक कागद सही करून द्यायचा, की डोर्नबॉसने खोटी नोंद केली. मग त्याचा हुद्दा उतरेल, त्याला कुठल्यातरी कोठारात खोकी मोजायला बसवतील, आमची पुन्हा तपासणी होईल आणि माझ्या नावावरचा डाग पुसला जाईल. कर्नल म्हणाले, “वाल्स्ट्रा, एका माणसाची चूक आहे, सगळ्या तळाने का भोगायची?” बोलले ते वाईट मनाने नाही. कागद माझ्या टेबलावर आहे. अजून सही केलेली नाही.

परवा डोर्नबॉस ऑफिसात आला. खुर्ची दिली तर बसला नाही.

“मेजरसाहेब, फळीसमोर तुम्ही उभे होता. तुम्हाला किती दिसल्या?”

“पाच,” मी म्हणालो.

“मग माझंच डोकं फिरलंय,” तो म्हणाला. “चौथी टांगताना खिळा जरा सैल वाटला होता, एवढं मला आठवतंय. न टांगलेल्या किल्लीचा खिळा सैल कसा वाटेल? बायको म्हणते डॉक्टरला दाखवून या.”

घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का ते बघायला तो आता तीनतीनदा परत जातो. हे त्याने स्वतः सांगितलं नाही, त्याच्या बायकोने मला दुकानात गाठून सांगितलं. ह्रीट्ये भली बाई आहे. म्हणाली, तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे एवढं तुम्ही त्यांना एकदा बोलून दाखवा, म्हणजे झोपतील तरी.

तुला आणखी काय सांगू? त्या बुधवारी हवा स्वच्छ होती. तपासनिसांमधल्या बेल्जियन मेजरने रडारच्या पडद्यावरचं एक खरंखुरं विमान निवडलं. तसंच करतात नेहमी, वाटेने जाणारं कुठलंही विमान धरायचं आणि ते शत्रूचं समजून सगळा सराव शेवटपर्यंत न्यायचा. या वेळचं हळू उडत होतं, नदीवर गोल गोल फिरत होतं. इथले डॉक्टर बुधवारी दुपारी दवाखाने बंद ठेवतात आणि आमच्या गावचा दातांचा डॉक्टर केटलर बुधवारी दुपारी आपलं छोटं विमान काढतो. दोन वर्षांपूर्वी त्याने माझी दाढ काढली होती.

बाकी काही नाही. इथे थंडी पडायला लागली आहे.

सीब्रेन


होल्टेनडॉर्फ
रविवार, १३ नोव्हेंबर १९८३

ताई,

तू या वेळी काहीच पाठवलं नाहीस. त्यामुळे मला तुझ्या प्रश्नामागे लपता येत नाही.

किल्ल्या सहा होत्या.

केबिनमध्ये अंधारच असतो, पडद्यांचा काय तो उजेड. दोघे ऑपरेटर माझ्याकडे पाठ करून बसलेले. बेल्जियन मेजर त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता. फळी दाराशी आहे. मी वळलो, सहा मोजल्या, चौथ्या खिळ्यावरची काढली आणि खिशात टाकली. मग मोठ्याने म्हणालो, “पाच. सराव थांबवा.” माझा आवाज नेहमीसारखाच होता. संध्याकाळी फेरी मारताना ती किल्ली मी लाँचरपाशी खडीत टाकली. पहारेकऱ्याला ती सापडली तेव्हा मी त्याला शाबास म्हणालो.

का केलं ते मी पाच आठवडे स्वतःला विचारतोय. असले सराव मी शेकड्याने केले असतील. प्रवासी विमानं धरली आहेत, टपालाची विमानं धरली आहेत, एकदा तर राणीच्या वाढदिवसाला पाहुणे घेऊन चाललेलं विमान धरलं होतं. कधी मनात काही आलं नाही, कारण काही उडणारच नसतं. त्या दिवशीही उडणार नव्हतं. पण ते गोल गोल फिरणं ओळखीचं होतं. आत केटलर बसलाय, गुडघ्यावर सँडविचचा डबा ठेवून, हे मला कळलं, आणि ‘मारा’ हा शब्द तोंडातून फुटेना.

तिथेच म्हणायला हवं होतं की माझी जीभ अडली. पण मागे नाटोचा माणूस उभा आणि पुढे जानेवारीतली बढती. ज्या अधिकाऱ्याची जीभ अडते त्याला त्याच दिवशी त्या खुर्चीवरून उठवतात, आणि योग्यच करतात. मग जिभेचं काम मी किल्लीकडून करून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते बाकीच्या जगात घडतं असं मी समजत होतो. आता संन्यासी रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जातो आणि वाटेत थांबून आपल्या सायकलचं कुलूप पुन्हा तपासतो.

मला लाज वाटते, ताई. बढती गेली तर वाईट वाटेल, तेही खरं आहे. बावीस वर्षांत मी दुसरं काही शिकलेलो नाही. पण त्या माणसाला मी त्याच्या तोंडावर ‘पाच’ म्हणालो, आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर त्याने जास्त विश्वास ठेवला.

कर्नलचा कागद मी आज सकाळी सही न करता परत पाठवला. बुधवारी मंडळासमोर सांगणार आहे. आधी डोर्नबॉसला गाठून सांगावं असं वाटलं होतं, पण मग त्याच्यावर गप्प राहायचं ओझं येईल, किंवा भल्या मनाने तोच मला सांभाळून घेऊ बघेल. तसं होऊ द्यायचं नाही. उलटटपाली उत्तर पाठवू नकोस. नको म्हणालीस तरी मी सांगणार आणि शाबास म्हणालीस तर मला राग येईल.

सीब्रेन


होल्टेनडॉर्फ
शुक्रवार, १८ नोव्हेंबर १९८३

प्रिय ताई,

झालं. काल फोनवर अर्धंच बोललो, मेसमधले सगळे कान टवकारून बसले होते. आता नीट लिहितो.

मंडळात तिघे होते आणि बाजूला कर्नल टेर हॉर्स्ट. डोर्नबॉसला बाहेर बाकावर बसवलं होतं, नव्या इस्त्रीच्या गणवेशात. मला पहिला प्रश्न आला, फळीवर किती किल्ल्या होत्या. मी म्हणालो, “सहा. चौथी मी काढली आणि खिशात घातली. डोर्नबॉसची नोंद खरी आहे.”

कर्नलनी पेन खाली ठेवलं. “वाल्स्ट्रा, काय बोलतोयस ते कळतंय ना तुला?”

“या प्रकरणात पहिल्यांदाच कळून बोलतोय, साहेब.”

मग कारण विचारलं. मी केटलरचं सांगितलं. त्यांना पटेना. मंडळातला सगळ्यात वयस्क माणूस म्हणाला, “किल्ल्या फळीवर होत्या. काहीच उडणार नव्हतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग घाबरलात कशाला?”

मी म्हणालो, “त्यालाच घाबरलो. काही उडणार नव्हतं, तरी तोंड उघडलं नाही.”

तासाभरात निकाल दिला. डोर्नबॉस निर्दोष, पूर्वीच्याच जागी. माझ्याकडून तळ काढून घेतलाय, बढती रद्द, सेवापुस्तकात ठपका, आणि एक जानेवारीपासून मायदेशात सुट्या भागांच्या खात्यात टेबल. खोकी मोजायला मीच चाललोय, म्हण. निकाल मला मान्य आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हाच दिला असता.

आता तुझं. तुझा आवाज ऐकून मला किती बरं वाटलं ते मी फोनवर सांगू शकलो नाही. आणि लगेच तू म्हणालीस, “पुढच्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये आमची सभा आहे, शंभर माणसं येतील. तू भाषण नको करूस रे, फक्त घडलं तेवढं सांग.” मी नाही म्हणालो आणि तू रुसलीस. तेव्हा कारण लिहून देतो, म्हणजे तुला ते पुन्हा पुन्हा वाचून रागावता येईल.

मी तुमच्या बाजूला आलेलो नाही, ताई. पूर्वेकडून बाँबफेकी विमानं आली तर ती आधी याच गावावरून जाणार आहेत, केटलरच्या दवाखान्यावरून आणि माझ्या घरमालकिणीच्या छपरावरून. त्यांना अडवायला कुणीतरी उभं असायलाच हवं, असं मला परवा वाटत होतं आणि आजही वाटतं. डोर्नबॉससारखी माणसं तिथे असावीत. तुमच्या व्यासपीठावर उभा राहिलो तर लोक मला हुकूम नाकारणारा शूर अधिकारी समजतील. मी हुकूम नाकारलेला नाही. मी किल्ली चोरली आणि दुसऱ्याला सहा आठवडे वेड लागायची पाळी आणली. त्यावर टाळ्या वाजल्या तर मला तिथेच तोंड लपवावं लागेल.

सभेला येणार नाही. घरी येईन, तू बोलावलंस तर.

तुझा
सीब्रेन


होल्टेनडॉर्फ
शुक्रवार, २ डिसेंबर १९८३

प्रिय रिन्स्केताई,

तुझं पत्र चार पानांचं! वाचताना मध्ये दोनदा उठलो आणि परत बसलो. सभेचा विषय सोडून दिलास याबद्दल आभार. माझ्या केकबद्दल जे लिहिलंस तेही मान्य. पण शेवटच्या पानावर पुन्हा तोच प्रश्न, फक्त या वेळी हळू आवाजात. सराव नसता, खरी वेळ असती आणि विमान अनोळखी असतं, तर?

बाबांच्या वाढदिवसाला माझ्याकडे उत्तर होतं. आज विचारशील तर मला ठाऊक नाही. दाबलं असतं कदाचित. ज्याला ठाऊक नाही त्याने त्या खुर्चीत बसू नये, कारण त्याच्या भरवशावर खाली अख्खं गाव झोपलेलं असतं. म्हणून मी उठलो आणि उठवला गेलो, दोन्ही एकदमच झालं. याहून पुढचं उत्तर माझ्याकडून मागू नकोस. असतं तर दिलं असतं.

काल तळ नव्या माणसाच्या हवाली केला. ऐंशी लोक मैदानात उभे होते. निरोपाचं भाषण म्हणून कर्नलच्या ऑफिसातून मला दोन परिच्छेद टाइप करून आले होते, तब्येतीचं कारण आणि शुभेच्छा वगैरे. ते मी वाचले नाहीत. किल्ली कुणी काढली, कुठे टाकली आणि डोर्नबॉसला काय भोगावं लागलं ते सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन सांगितलं, कारण कॅन्टीनमध्ये काही जण अजून म्हणत होते की मेजरने आपल्या माणसाला वाचवण्यासाठी स्वतःवर घेतलं. ते ऐकून मला मोह झाला होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. एवढं सोपं होतं, फक्त गप्प बसायचं होतं.

नंतर एकेक जण पुढून गेला. आपल्या सैन्यात सलाम करायची सक्ती कधीच गेली. अमेरिकन लोक येतात तेव्हा आमच्या पोरांचे लांब केस आणि खिशातले हात बघून त्यांना घेरी येते. त्यामुळे इथे कुणी सलाम केला तर तो त्याचा स्वतःचा असतो. बऱ्याच जणांनी केला. डोर्नबॉस नेहमी करायचा, नऊ वर्षं, रोज सकाळी, सक्ती नसताना.

काल तो शेवटी आला. माझ्यासमोर थांबला आणि हात बाजूलाच ठेवले.

“मेजरसाहेब, नोकरी गेली असती तरी मी उभा राहिलो असतो,” तो म्हणाला. “तुम्ही सहा आठवडे माझं डोकं माझ्यापासून काढून घेतलं होतंत. ते मला परत मिळालं. सलाम तुम्हाला मिळणार नाही.”

त्याच्याकडून एका दमात इतकी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती. मी म्हणालो, “बरोबर आहे.” आणि मी त्याला सलाम केला. मेजरने सार्जंटला आधी सलाम करायचा नसतो, मागे कुणीतरी खाकरलंही. डोर्नबॉसने बघितलं, मान वळवली आणि सरळ लाँचरांकडे चालू लागला. त्याला दुपारची तपासणी करायची होती. तो कुंपणाआड जाईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. मंडळासमोर बोललो तेव्हा मनात कुठेतरी हिशोब होता की निदान हा माणूस मला माफ करेल. तो आता मिटला. जे करायचं होतं ते माफी मिळो न मिळो करायचंच होतं, आणि ते झालंय.

सोमवारी दुपारी सव्वाचारला फ्रानेकरला उतरेन. बाबांना हे सगळं मीच सांगणार आहे, त्यांच्यासमोर बसून, तेव्हा तू आधी काही बोलू नकोस. स्टेशनवर आलीस तर मला फार आवडेल. एकटी ये, आणि शूर म्हणू नकोस.

तुझा भाऊ
सीब्रेन